फळीला काही लावू नको

भादव्यात आमच्या घराचं एकही दार नीट लागत नाही. पुस्तकांचं कपाट फुगतं, खिडक्या चौकटीत रुतून बसतात, देवघराचं छोटंसं दारही जोर लावल्याशिवाय हलत नाही. सकाळी ऊन असतं, दुपारी आभाळ, मग अर्धा तास पाऊस आणि पुन्हा ऊन. पूर्वी या दिवसांत परभणीतल्या गच्च्यांवर खेड्यांतून आलेला मूग वाळत पडायचा आणि पावसाचे थेंब आले की गल्लीभर बायकांची पळापळ व्हायची. आता मूग कमी झाला. दारं मात्र तशीच फुगतात.

चार दिवसांपासून मी एका जागी बसू शकलेलो नाही. वाचायला घेतो, पान उलटत नाही. उठतो, कपाटाचं फुगलेलं दार ओढतो, आतली वस्तू आहे ना ते बघतो, पुन्हा दार दाबून बसवतो. आत आहे ती टेबल टेनिसच्या बॅटची फळी. रबर नसलेलं नुसतं लाकूड, त्याला आम्ही फळी म्हणायचो. ती गौतमची. गौतम गेल्या माघात गेला.

ही फळी त्याची मुलगी सुजाता आणून देऊन गेली. ती इथेच बँकेत आहे आणि बापासारखी खेळते. वर्तमानपत्राची गुंडाळी तिनं टेबलावर उघडली आणि म्हणाली, "काका, याचं जुनं रबर काढलं मी. तर लाकडाच्या शिरा निघून यायल्यात बघा. रविवारी आमच्या बँकेच्या स्पर्धा हाईत. सीलर मारावं म्हणते. बाबांनी जन्मात मारू दिलं न्हाई. तुमी त्यांच्यासोबत खेळलात. तुमचं काय मत?"

मी फळी हातात घेतली. फार वर्षांनी घेतली.

"आणि हा डाग कशाचा हो?" तिनं फळीच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथं तळहाताएवढा काळपट भाग होता, कडेला फिका होत गेलेला. "बाबांना विचारलं की म्हणायचे, जुना हाय."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. सीलरबद्दल की डागाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. शनिवारी येते म्हणाली आणि गाडीला किक मारून गेली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना वाटेल, एवढ्याशा लाकडाला वॉर्निश लावायचं की नाही, यात विचार कसला करायचा. पण खेळणाऱ्यांमध्ये यावर दोन पक्ष असतात. फळी कोरी ठेवली तर ती हवेतली ओल पिते आणि रबर बदलताना त्याच्या चिकटीबरोबर लाकडाचे तंतू उपटून येतात. पातळ सीलरचा एक हात दिला की लाकूड टिकतं. पण मग चेंडू लागल्याचा आवाज किंचित बसतो, हाताला येणारी थरथर बोथट होते, असं कोरीच्या बाजूचे म्हणतात. खरं किती आणि मनाचं किती, मला कधी कळलं नाही. माझा हात तेवढा शहाणा नव्हता.

गौतमचा होता. तो छापखान्यात कंपोझिटर होता. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे जुळवत दिवसभर उभा. मी समोरच्या वाचनालयात सहायक होतो. वाचनालयाच्या मागं एक सभागृह होतं, वर्षातून दोनदा व्याख्यानाला उघडणारं. तिथं कुणीतरी देणगी दिलेलं टेबल होतं, मधोमध किंचित खचलेलं. संध्याकाळी सहाला मी पुस्तकं आवरायचो, तो हात धुऊन यायचा. शाई काही निघायची नाही. त्याच्या बॅटच्या मुठीवर अंगठ्याचा काळा ठसा पडला होता, तो अजून आहे.

ही फळी त्याच्या थोरल्या भावानं सिकंदराबादहून आणली होती. भाऊ रेल्वेत होता. तोवर आम्ही सगळे दुकानातल्या तयार बॅटनं खेळत होतो. फळी वेगळी मिळते आणि रबर वेगळं, हेच आम्हाला नवं. गौतमनं पहिल्या दिवशी ती कानाशी धरून बोटानं वाजवली होती. वकीलसाहेब म्हणून आमचे एक सभासद होते. ते म्हणाले, "काय गौतम, टरबूज घ्यायलास का?"

"टरबूजच हाय साहेब," तो म्हणाला. "आतून लाल निघालं तर तुमची खैर न्हाई."

आणि निघालं. त्या फळीनं तो जे खेळायला लागला, ते पाहायला बाहेरचे लोक येऊन भिंतीला टेकून उभे राहू लागले. त्या भादव्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आमच्याच सभागृहात. एकच जागा उरलेली. ज्याला ती मिळेल तो औरंगाबादला मराठवाड्याच्या स्पर्धेत खेळणार. गौतमला ती हवी होती. तो बोलून दाखवायचा नाही, पण छापखान्यातल्या रद्दी कागदावर त्यानं मोठ्या टायपात स्वतःचं नाव आणि खाली 'परभणी' एवढंच छापून पाहिलेलं मी त्याच्या खिशात बघितलं होतं.

निवडीआधी त्यानं जुनी रबरं काढली. नवी रबरं भाऊ पाठवणार होता. काढताना एका बाजूनं लाकडाची बोटभर लांब शीर उपटून आली. मी हळहळलो.

"वॉर्निश लाव रे. त्या सुताराकडं चपड्याचं पॉलिश आहे, एक हात मारून देईल."

"काही लावायचं न्हाई."

"अशानं फळी चार वर्षं टिकणार नाही. भादवा आहे, ओल बघ किती."

"सुधाकर, खिळा मी बघून उचलत न्हाई. बोटाला कळतंय, हा 'क' हाय का 'फ'. उद्या तू माझ्या बोटाला मेण लावलंस तर कळंल का? फळी बोलती माझ्याशी. तिच्या तोंडात बोळा कशाला कोंबायचा?"

मी हसलो, पण मला ते पटलं नव्हतं. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवणारा माणूस मी. राखलं नाही तर वस्तू जाते, एवढंच मला समजत होतं.

त्या दिवसांत गावात दुसरंच वारं होतं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव होऊन पाच वर्षं झाली होती आणि नाव लागलं नव्हतं. ठरावानंतरच्या जाळपोळीत गौतमच्या गावातलं घर गेलं होतं, तेव्हापासून ते सगळे परभणीत होते. त्याबद्दल तो कधी सांगत बसायचा नाही. एकदाच, खेळता खेळता चेंडू उचलायला वाकला आणि म्हणाला, "आईनं जातं आणलं बघ गाडीत घालून. बाकी आणण्यासारखं न्हवतंच." आणि सर्व्हिस केली.

पुन्हा सत्याग्रह ठरला. निवडीला बारा-तेरा दिवस होते. निघायच्या आदल्या दिवशी तो कोरी फळी घेऊन वाचनालयात आला.

"आत टाकतेत म्हणे आठ-दहा दिवस. तुझ्याकडं ठेव. घरी लेकरं हाईत भावाची, ओढतेत. रबरं आली तर चिकटवून ठेव, तुला जमतंय. आणि काही लावू नको बरं का."

"जायलाच पाहिजे का? निवडीनंतर जा की पुढच्या तुकडीत."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. छापलेल्या मजकुरात चूक कुठं आहे ते शोधताना तो असा बघायचा.

"तुला काय वाटतंय सुधाकर? नाव लागावं का न्हाई?"

मी म्हणालो, "लागेल रे. सगळं शांततेत होईल."

"मी कधी लागंल ते इचारलं न्हाई," तो म्हणाला आणि फळी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

मला नाव लागावं असं वाटत होतं. आज लिहायला सोपं आहे. तेव्हा 'नाव लागावं' एवढे दोन शब्द मी त्याला म्हणालो नाही, कारण तेच शब्द घरी म्हणायची माझी तयारी नव्हती. आमचं घर झरीचं, चाळीस एकर काळी जमीन. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी बाजेवर बसून म्हणायचे, "शिकावं की त्यांनी, कोण नको म्हणतंय. नावाचा हट्ट कशाला? आमी काय त्यांचं वाईट चिंततो का?" वाईट ते खरंच चिंतत नव्हते. आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यांचं चांगलं कशात आहे ते ठाऊक असायचं.

मधल्या रविवारी मी झरीला गेलो. गौतमची फळी पिशवीत होती, पावसाळी खोलीत एकटी ठेवायला नको म्हणून. रब्बीची पेरणी महिन्यावर आली होती. अण्णांनी आढ्याला टांगलेली पेरणीची तिफण खाली काढली होती आणि वाटीत कोमट केलेलं करडईचं तेल घेऊन ते फडक्यानं एकेक लाकूड चोळत होते. दांडी, रुमणं, फण, मग जू. हे मी लहानपणापासून बघत आलो. कोरडं लाकूड तेल ओढून घेतं ते बघण्यात एक सुख असतं. पिवळा ओला डाग क्षणभर चमकतो आणि आत उतरतो.

मी फळी काढून त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, उपटलेल्या शिरेवरून नख फिरवलं.

"पातळ हाय. कुणाची?"

"मित्राची."

"असं उघडं ठिवलंय व्हय भादव्यात? वाकडं व्हतंय की हे. तेल पाज त्याला."

"तो नको म्हणतो."

"लेकरू औषिदाला नकोच म्हणतंय," अण्णा म्हणाले आणि वाटी माझ्याकडं सरकवली.

मी तेल पाजलं. कुणी माझा हात धरला नव्हता. वॉर्निश नाही, पॉलिश नाही, तेलच तर आहे, लाकडाचं अन्न, त्यानं आवाज कसा बसेल, असं मी मनाशी म्हणालो. फळीच्या मध्यावर फडकं दाबलं तेव्हा लाकडानं ते इतक्या अधाशीपणानं ओढलं की मी दुसऱ्यांदा दिलं. दोन्ही बाजूंना दिलं. मग स्वच्छ पुसून उन्हात ठेवलं. उपटलेली शीर दबून बसली होती. मला फार बरं वाटलं. मित्राच्या वस्तूची आपण काळजी घेतली, असं वाटलं.

आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, की तिफणीवर काही चिकटवायचं नसतं, फळीवर असतं.

रबरं आली. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन घेऊन मी ती बसवली, वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवून रात्रभर दाबली. सकाळी घट्ट वाटली. गौतम निवडीच्याच दिवशी सुटून आला. थेट स्टँडवरून, दाढी वाढलेली, शर्टाला कसलातरी दमट वास. बॅट हातात घेऊन त्यानं मूठ दाबली आणि म्हणाला, "वजन वाढलं का रे?"

"नवी रबरं आहेत," मी म्हणालो.

पहिला गेम त्यानं जिंकला. दुसरा गेला. तिसऱ्या गेममध्ये तो पुढं होता, चार गुणांनी. मी गुणफलकाशी उभा होतो. त्यानं फोरहँड मारला आणि चेंडू जाळीत गेला. पुन्हा मारला, पुन्हा जाळीत. त्यानं बॅट तोंडासमोर धरली. रबराचा वरचा कोपरा सुटून जिभेसारखा लोंबत होता. त्यानं तो अंगठ्यानं दाबला. दोन फटक्यांत अर्धं रबर सुटलं. पंचांनी दुसरी बॅट घ्यायला परवानगी दिली. वकीलसाहेबांची बॅट जड होती, पाट्यासारखी. गौतम हरला.

आम्ही मागच्या व्हरांड्यात गेलो. त्यानं रबर ओढलं, ते केळीच्या सालीसारखं सरळ निघून आलं. एकही तंतू नाही. लाकूड गुळगुळीत, काळपट. त्यानं फळी नाकाशी नेली.

"करडई," तो म्हणाला.

प्रश्न नव्हता तो. तरी मी उत्तर दिलं. "ओल असेल. भादवा आहे."

त्यानं फळी खाली केली. मग म्हणाला, "असंल." रबर दुमडून खिशात ठेवलं आणि नळावर तोंड धुवायला गेला.

इथपर्यंतचं मी स्वतःला पुष्कळदा माफ केलं आहे. अजाणता झालं, लाजेनं खोटं बोललो, तरुण होतो. पुढचं करता येत नाही. आत सभागृहात मंडळी बसली होती. कुणीतरी म्हणालं, "जेलचं जेवण मानवलं न्हाई वाटतं." हशा झाला. वकीलसाहेब म्हणाले, "गुणी पोरगा. पण मोर्चे आणि मनगट एकदम चालत नसतंय बघा. एक काहीतरी धरावं माणसानं." सगळ्यांनी माना हलवल्या. चार दिवसांत गावभर हेच झालं: गौतम हरला कारण तो सत्याग्रहाला गेला. छापखान्याच्या मालकानं त्याला ऐकवलं. त्याच्या भावानंही ऐकवलं. वर्षानुवर्षं त्या सभागृहात नवा कुणी आला की त्याला ही गोष्ट सांगत. आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेला माणूस तिथंच पुस्तकांवर शिक्के मारत बसलेला असायचा.

गौतम पुन्हा कधी निवडीला उभा राहिला नाही. खेळत राहिला. फळी त्यानं पेट्रोलनं पुसली, उन्हात ठेवली, खडूची पूड चोळली, वर्षभरानं रबर धरायला लागलं. तेल वर निघालं, डाग राहिला. त्यानंतर कुणी सीलरचं नाव काढलं की तो माझ्याकडं न बघता म्हणायचा, "न्हाई बाबा. एकदा धडा झालाय."

ज्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन वाचनालयात आला. सोळा वर्षं लागली होती. त्याचे केस विरळ झाले होते. पेढा माझ्या तळहातावर ठेवला, वर तिळगूळ ठेवला. मी त्या दिवशी म्हणालो, "गौतम, मला तेव्हाही वाटत होतं, नाव लागावं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "सांगायला उशीर लावलास."

तेव्हाच तेलाचंही सांगायला हवं होतं. तोंडात पेढा होता. मग कुणीतरी पुस्तक बदलायला आलं.

आता तो नाही आणि भादवा आहे. चार दिवस मी फळी बाहेर काढतोय, आत ठेवतोय. सुजाताला मत हवं आहे. लाव म्हटलं तर सीलरखाली अंगठ्याची शाई राहील, डाग राहील, सगळं काचेखालच्या तसबिरीसारखं गप्प होईल आणि पुन्हा कुणी विचारणार नाही. नको लावू म्हटलं तर, बाबांची इच्छा होती असं म्हणून, मी त्याच्या शब्दामागं दडेन. दोन्ही उत्तरं माझ्या सोयीची. काल संध्याकाळी घरात येरझारा घालताना माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा तेच करतोय. दुसऱ्याच्या लाकडाचं भलं कशात आहे, ते ठरवत बसलोय.

आज सुजाता आली. पिशवीतून सीलरची बाटली आणि पॉलिश पेपर काढून टेबलावर ठेवला. "मग? काय ठरलं तुमचं?"

मी मत दिलं नाही. तेलाचं सांगितलं. झरीची वाटी, शब्दकोशाचे खंड, जिभेसारखं लोंबणारं रबर, व्हरांडा. आणि नंतर सभागृहात लोक काय म्हणाले तेही. ती फळीकडं बघत ऐकत होती. चहावर साय धरली.

"बाबा जेलमुळं हरले, असंच ऐकत आले मी," ती म्हणाली. "आजी पण म्हणायची. लय बोलायची त्यांना त्यावरून."

"हो."

"आणि तुमी काय म्हणायचात? लोक बोलायचे तवा?"

"काही नाही."

बाहेर पाऊस येऊन गेला. मला वाटलं ती फळी उचलून निघून जाईल, आणि गेली असती तरी चाललं असतं. मग तिनं विचारलं, "तेल मुरलंय म्हणता. त्याच्यावर सीलर धरंल का?"

"आधी घासावं लागेल. बरंच."

तिनं पॉलिश पेपर माझ्याकडं सरकवला. "घासा मग. लावायचं का न्हाई ते मी नंतर बघते." मी फळी घेतली तशी म्हणाली, "मुठीकडं जाऊ नका. तिथं बाबांचा अंगठा हाय."

मी घासू लागलो. शिरेच्या दिशेनं, हलक्या हातानं. ती समोर बसून बघत होती. पिवळट भुकटी वर्तमानपत्रावर साचत गेली. वरचा काळपट थर गेला, खाली अजून काळपट होतं. हात गरम झाला, लाकूड गरम झालं आणि त्यातून वास आला. खवट, जुन्या डब्याच्या तळाचा. इतक्या वर्षांनी तो उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

सुजाता पुढं वाकली. तिनं फळी माझ्या हातातून घेतली, नाकाशी नेली.

"करडई," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.